मुठीतलं मीठ

मी मूळची रोह्याकडची, वालाच्या शेतातली. आमच्याकडं भुतांचा तोटा नाय, पण ती सगळी जमिनीवरची. कुणी चिंचेवर बसणारं, कुणी विहिरीत राहणारं. अंगावर जाऊन दोन शिव्या घातल्या तर गप बसतात. आभाळात राहणारं भूत मी पहिल्यांदा ऐकलं ते लग्न होऊन पेणच्या खाडीकडं आल्यावर. सासरी मिठागर होतं, आणि त्या मिठागरावरून एक बाई दिसते म्हणे, लांबच्या ढगाच्या डोक्यावर उभी राहिलेली.

तांबडी म्हणतात तिला. खरं म्हणजे नाव घ्यायचं नसतं, पण मी घेते. माझं काय वाकडं करायचं ते तिनं करून झालंय.

मे महिन्यात मीठ ओढून राशी घातल्या की संध्याकाळी घाटाच्या पलीकडं, पार देशावर कुठंतरी, ढग चमकायला लागतात. गडगडाटसुद्धा ऐकू येत नाय इतके लांब. त्या ढगाच्या खूप वर, जिथं नुसत्या चांदण्या असायला पायजेत तिथं, कधीतरी तांबडं काहीतरी उभं राहतं. लाल माठाची जुडी मुळासकट उपटून धरावी तसं, खाली मुळं लोंबलेली. पापणी लवेपर्यंत असतं नि जातं. चारजणं बघत बसली तर एखाद्यालाच दिसतं, आणि ज्याला दिसलं त्याच्या घरातलं माणूस ती नेते, असं आमच्या गावात मानतात.

तिला एकच गोष्ट चालत नाय म्हणे, ती म्हणजे मीठ. म्हणून ज्याला तांबडी दिसली त्याला तडक मिठागरावर न्यायचं, मिठाच्या राशीवर बसवायचं. अनवाणी, पाय मिठात, उजव्या मुठीत मीठ घट्ट धरलेलं. तांबडी दिसायची बंद झाली तरी उतरायचं नाय. मुठीतल्या मिठाला पाणी सुटलं की समजायचं, तांबडी विरघळली. मग ते मीठ खाडीत टाकून घरी यायचं. मध्येच मूठ उघडली तर संपलं सगळं.

माझा धाकटा दीर कान्हू तसाच गेला, मी या घरात यायच्या आधी. त्याला तांबडी दिसली, माझ्या सासूनं, गोदूबाईनं, स्वतःच्या हातानं त्याला राशीवर बसवलं, आणि राशीवरच त्याच्यावर वीज पडली. सापडला तेव्हा मूठ उघडी होती. आता वीज पडलेल्या माणसाची मूठ उघडी राहावी का बंद, हे काय त्याच्या हातात असतं? पण म्हातारीनं धरलं ते धरलं. म्हणायची, माझ्या लेकानं घाई केली, मूठ उघडली. आयुष्यभर तेच. मी ताटात मीठ वाढताना सांडलं तरी ती माझ्या बोटांकडं बघायची. मला राग यायचा, आणि तिची दयाही यायची. दोन्ही एकदम आलं की माणूस भांडतं, तशी मी तिच्याशी भांडायचे.

एका वर्षी पुण्याकडचे एक सर आले, मोठा कॅमेरा घेऊन. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलरानात, दिवे नसतात, पूर्वेला घाटापर्यंत सगळं मोकळं, म्हणून त्यांना आमचा बांध आवडला. त्यांना त्या तांबडीचाच फोटो पायजे होता! गावात कुणी त्यांच्याशी धड बोलेना. मी मात्र चहा घेऊन गेले, मला कुठं धीर धरवतो? विचारलं, "सर, ही बाई हाय तरी कोण?"

ते हसले. म्हणाले, "बाई नाही हो, विजेचाच खेळ आहे. मोठी वीज खाली जमिनीवर पडते ना, तेव्हा ढगाच्याही खूप वर, जिथं विमानंसुद्धा जात नाहीत, तिथल्या विरळ हवेला धक्का बसतो. ती हवा क्षणभर लाल उजळते आणि विझते. आग नाही, काही नाही. इथून ते इतकं लांब आहे की तुम्हाला शिवणारसुद्धा नाही." मग त्यांनी एक पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर धरून खालचा चमकणारा ढग झाकला. म्हणाले, "खालच्या लखलखाटानं डोळे दिपतात, म्हणून वरचं दिसत नाही. आता बघा." मला काय दिसलं नाय. मच्छर तेवढे चावले.

पण मला आठवतं ते दुसरंच. तासभर छान फोटो मिळत होते, आणि एकाएकी सर उठले. कॅमेरा पिशवीत कोंबला, कॅमेऱ्याचं तिकाटणं काखेत मारलं, आणि चालले पळत गाडीकडं. माझा चहा तसाच बांधावर. मी ओरडले, "अहो सर, काय झालं? भ्यायलात का काय? माझा चहा काय ओतून देऊ?" ते पळता पळता म्हणाले, "लाल दिसायचं बंद झालं! म्हणजे मध्ये ढग आला, जवळचा! चला तुम्हीपण!" मी हसले होते. पण गेले त्यांच्या मागं. गाडीत बसलो आणि गारांसारखे टपोरे थेंब आले, विजा कडाडल्या. गाडीत त्यांनी मला नीट सांगितलं. लाल दिसतं आहे तोवर वादळ लांब. दिसेनासं झालं की समजायचं, घाटाच्या अलीकडं नवा ढग उठला आणि त्यानं वरचं आभाळ झाकलं. तो ढग आपल्याकडं येतो. "उघड्यावर थांबू नका," म्हणाले, "आणि उंचावर तर मुळीच नाही."

मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला काय जातंय? त्याचा पोरगा गेलाय का?"

पुढच्या मे महिन्यात माझी लेक पुतळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला हमरापूरला दिलीय, सासरी गणपतींचा कारखाना, नखांत कायम रंग. सातवा सरत आलेला, पायांवर सूज. माझा नवरा काळुराम नागोठण्याच्या कंपनीत, त्या दिवशी त्याची दुपारची शिफ्ट. घरात आम्ही तीन बायकाच. संध्याकाळी लोडशेडिंगचा अंधार झाला म्हणून अंगणात खाट टाकली. पुतळी खाटेवर आडवी, सासू पायरीवर वाल निवडत बसलेली, मी सुकट पाखडत होते. घाटापलीकडं चमकत होतं, पण खाटेवरून बघणाऱ्याला ते गोठ्याच्या छपराआड जात होतं. म्हणजे सरांच्या पुठ्ठ्याचं काम आमच्या गोठ्यानं केलं.

पुतळी म्हणाली, "आये, ते छपराच्या वरती तांबडं काय दिसला गो?"

सासूच्या हातातलं सूप खाली पडलं. वाल अंगणभर झाले.

"कसला तांबडं?" मी मुद्दाम ओरडून विचारलं. "कंपनीची आग असेल नागोठण्याची."

"नाय गो. कंपनी तिकडं. हा वर होता, चांदण्यांत. मुळं लोंबल्यासारखी." आणि एवढं बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. पोर आमच्याच गावात वाढलेली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

सासू उठली. तिला गुडघ्यांमुळं उठताना हात द्यावा लागायचा, पण त्या दिवशी उठली आपली आपण. "चल, पुतळे. राशीवर चल."

"काय नाय जायचं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सातव्या महिन्याची पोर, तिला खाजणातून अंधारात नेता? ते लांबचं हाय, आई. सरांनी सांगितलेलं. ते कुणाला शिवत नाय."

"तुझ्या सरांनी मला कान्हू आणून दिला का?"

आवाज ऐकून शेजारचा जनू आला, माझा चुलत दीर, आणि त्याची बायको काशीबाई. काशीबाईला तांबडी म्हटल्यावर रडूच फुटलं. जनूनं कंदील पेटवून आणला. मी नवऱ्याला फोन लावला तर मोबाईल कंपनीच्या गेटवर ठेवून घेतलेला, नुसती रिंग वाजतेय. मी अंगणाच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. म्हटलं, बघते कोण नेतं माझ्या पोरीला.

पण माझी पोरच आपणहून निघाली. मला म्हणाली, "आये, जाऊ दे मला. मला काय झाला तर चालेल, पण पोटातल्याला काय झाला तर मी काय करू? घरातला माणूस नेते ना ती? हा पण घरातलाच हाय ना?" तिची भीती बघून माझी मला लपवावी लागली. मनात म्हटलं, लाल दिसतंय तोवर वादळ लांबच हाय. जरा वेळ बसेल, म्हातारीचं आणि पोरीचं समाधान होईल, मी उभी हायेच बाजूला. मी वाट सोडली आणि त्यांच्या मागं निघाले.

आमचं मिठागर तुम्ही पाहिलेलं नाय, म्हणून सांगते. एका बाजूला खाडी, बाकी सगळी सपाट जमीन, चिखल आणि पाणी. झाड नाय, खांब नाय. बांधाच्या कडेला मिठाची रास, माणसाच्या डोक्याहून उंच, आणि थोड्या अंतरावर पंपाच्या इंजिनाची पक्की खोली, स्लॅबची. एवढंच. त्या राशीवर बसलेलं माणूस म्हणजे तिथलं सगळ्यात उंच. हे दिवसा कधी डोक्यात येत नाय, कारण दिवसा तिथं नुसतं ऊन असतं.

जनूनं पुतळीला हात देऊन वर चढवलं. सासू तिच्या मागोमाग चढली, पाय मिठात रोवून बसली, नातीची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांत धरून. आम्ही खाली. वारा पडलेला. एवढा उकाडा की मानेवरून घाम ओघळत होता.

आणि मग मला ती दिसली.

इतकी वर्षं दिसली नाय, त्या दिवशी दिसली. काशीबाईचं डोकं मध्ये आल्यामुळं खालचा ढग झाकला गेला असेल. घाटाच्या वर, ढगाच्याही वर, काळ्या आभाळात तांबड्या मुळ्या, तीन-चार एकमेकींच्या शेजारी, आणि त्यांच्यावर फिकट उजेड. आवाज नाय. लगेच गेल्या. सर म्हणाले होते आग नाय, काय नाय. पण अंगावर काटा आला तो आला. मला सगळं माहीत होतं, तरी भ्याले. तेव्हा कळलं म्हातारी का भिते. एवढं मोठं काहीतरी आपल्या डोक्यावर उभं राहतं आणि आपल्याकडं बघतसुद्धा नाय, याची ती भीती असते.

मग बराच वेळ काय दिसलं नाय. काशीबाई म्हणाली, "गेली वाटतं." जनूनं हात जोडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राशीवरून सासूनं विचारलं, "पुतळे, पाणी सुटला का गो मुठीला?"

"सुटतंय, आजी. ओलं लागतंय."

"अजून जरा. पुरता सुटू दे. घाई नाय करायची."

मला बांधावरचा तो चहा आठवला.

मी वर बघितलं. घाटावरच्या चांदण्या नव्हत्या. मघाशी होत्या, आता नव्हत्या. चांदण्यांची हद्द आमच्याकडं सरकत होती, एकेक करत विझत होत्या, आणि आवाज काहीच नाय. मग गालाला गार वारा लागला, ओल्या मातीचा वास घेऊन. अगो बाय! मिठाला पाणी कशानं सुटतं, हे मिठागरावरच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की सुटतं. राशीवर पेंढा घालायची वेळ झाली हे आम्ही त्यावरूनच ओळखतो. आणि त्याच वेळेपर्यंत माणसाला राशीच्या टोकावर बसवून ठेवायचं! कुणी घातली ही रीत? कान्हू कसा मेला ते मला त्या क्षणाला कळलं.

"उतरा!" मी बोंबलले. "पुतळे, उतर खाली! आई, ढग आलाय डोक्यावर!"

"गप बस, बायजे. आता झालाच हाय."

"झालंच हाय म्हणूनच सांगते!"

घाटाच्या अलीकडं, आमच्या बाजूला, वीज पडली. खाडीचं पाणी पांढरं झालं. लगेच कानठळ्या बसल्या. जनू नि काशीबाई इंजिनाच्या खोलीकडं पळाली, पण माझी दोन माणसं जागची हलेनात. दोघी एकमेकींना घट्ट धरून, डोळे मिटून. मी राशीवर चढायला लागले. मीठ पायाखालून सरकत होतं, दोन पावलं चढले की एक खाली. वर पोचले तर पुतळीच्या कपाळावरचे मोकळे केस उभे राहिलेले. वाऱ्यानं उडत नव्हते, सरळ उभे. माझ्या हातावरची लव पण उभी. कातडीला मुंग्या.

"चल!"

"आये, अजून पुरतं ओलं नाय झालं," ती रडत म्हणाली. "आता उघडली तर हा जाईल गो. कान्हूकाका गेला तसा हा जाईल."

समजावत बसायला वेळ कुठं होता? मी तिच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात कधी पोरीला हात लावला नव्हता, तो त्या दिवशी लावला, आणि सातव्या महिन्यात लावला. तिची मूठ उघडली. मीठ राशीवर पडलं. सासूच्या तोंडातून जो आवाज आला तसा मी कुणाचा ऐकला नाय.

मी पुतळीला काखेत धरून घसरत खाली आणली. वर बघितलं तर म्हातारी अंधारात चाचपडत होती. पुतळीच्या मुठीतून पडलेलं ओलं मीठ शोधत होती. सापडलं बहुतेक. तिनं मूठ आवळली आणि सरळ बसली.

"आई, चला! हात जोडते तुम्हाला, चला!"

"तू पोरीला घेऊन जा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, चूल बघ म्हणून सांगावं तसा. "कुणीतरी मूठ पुरी करायला पायजे. कान्हूनं घाई केली. मी नाय करायची."

माझे हात दोन, आणि त्यात पुतळी. ती एकटी चालू शकत नव्हती, बांध निसरडा झालेला, पाऊस सुरू झालेला. वर पुन्हा चढून म्हातारीला ओढावं तर पोर खाली उघड्यावर. मी पोरीला उचललं. दुसरं काय करणार होते, सांगा? खोलीच्या दारात पोचलो, जनूनं पुतळीला आत ओढलं, मी वळले. सासूला आणायला वळले होते, शपथ सांगते. आणि सगळं पांढरं झालं.

आवाज मला आठवत नाय. उजेड आठवतो, आणि त्या उजेडात राशीवर बसलेली म्हातारी, ताठ.

सापडली ती राशीच्या पायथ्याशी. पावसानं मीठ विरघळत चाललं होतं आणि ती त्यात कुशीवर. पदर जळलेला. मूठ बंद. काळुराम शिफ्टवरून आला, आईजवळ बसला, आणि ती बंद मूठ बघून म्हणाला, "आईनं मूठ उघडली नाय." जणू काय ती जिंकली! माझं डोकं फिरलं, मी त्याला नाय नाय ते बोलले. मग दोघं रडलो. अंघोळ घालताना मी ती मूठ उघडायला बघितली. बोटं हलेनात. तो म्हणाला राहू दे, म्हणून तशीच नेली.

आणि गाव काय म्हणालं? तेराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं. ते तांबडं लांबचं असतं, ते दिसतंय तोवर भ्यायचं कारण नाय. दिसेनासं झालं की पळायचं, आणि तेव्हाच तुम्ही माणसाला राशीवर बसवून ठेवता. घसा फोडून सांगितलं. काशीबाई म्हणाली, "बायजे, तू पोरीची मूठ उघडायला लावलीस, म्हणून तांबडीनं म्हातारीला नेलं. शिकलेल्या लोकांचं ऐकून सासू घालवलीस." मी तिच्या अंगावरच जाणार होते, जनूनं धरलं. बाकीचे माना हलवत उठले. बघा ना, तांबडी दिसली आणि घरातलं एक माणूस गेलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठला आणणार होते मी? त्यांची रीतच माणूस मारते आणि मेलेलं माणूस रीत खरी ठरवतं. त्या दिवशी मला तांबडीपेक्षा गावाची जास्त भीती वाटली.

पावसाळ्यात पुतळीला मुलगी झाली. धडधाकट, आवाज तर असा की खाडीपलीकडं जावा. पुतळीनं तिला छातीशी धरलं, पण स्वतः हसली नाय. बाहेर वीज चमकली की लेकीला घेऊन फडताळाच्या आड जाऊन बसायची.

परत मे आला. काशीबाईची सून मैना, नवी आणलेली, सुधागडाकडची. संध्याकाळी पाणी भरताना किंचाळली, तांबडं दिसलं म्हणून. कंदील निघाले. मैनेला दोन्हीकडून धरून बांधावर न्यायला लागले. पोरीचं तोंड पांढरंफटक, डोळे सैरभैर, आणि ती माझ्याकडं बघत होती. माझ्या डोळ्यांसमोर म्हातारी ताठ बसलेली. मी पायांत चप्पल न घालता धावले आणि रस्त्यात आडवी झाले. आता काय सांगू? सरांचं सांगितलं तर ढकलून पुढं जातील. काय तोंडात आलं ते मलाच कळलं नाय.

म्हटलं, "माझी सासू स्वप्नात आली होती."

सगळे थांबले. मी असलं काय मानत नाय, हे अख्ख्या गावाला माहीत. म्हणून जास्तच थांबले.

"काय म्हणाली गो गोदूबाई?" काशीबाईनं विचारलं.

"म्हणाली, मी मूठ उघडली नाय तरी गेले, कारण राशीवर बसून राहिले. तांबडी दिसते तोवर बसा. दिसायची बंद झाली की मागं न बघता पळा. मूठ बंद ठेवून घरी या, चुलीपाशी बसा. मिठाला पाणी घरात सुटू दे." आणि आपसूक डोळ्यांत पाणी आलं. तेवढं मात्र खोटं नव्हतं.

ऐकलं हो त्यांनी! सरांचं ऐकलं नाय, माझं ऐकलं नाय, मेलेल्या म्हातारीचं ऐकलं. मैना राशीवर बसली, आम्ही सगळे आभाळाकडं बघत उभे, आणि तांबडं दिसेनासं झाल्याबरोबर काशीबाईच पहिली ओरडली, "पळा!" सगळे घरात. थोड्या वेळानं ढग आला आणि त्याच राशीवर वीज पडली. सकाळी जाऊन बघितलं तर टोकाला मीठ काळं पडलेलं. माणसांनी तिथं नारळ फोडला, गोदूबाईच्या नावानं. तेव्हापासून आमच्या गावात तीच रीत हाय. मी तोंडाला कुलूप घातलंय. खरं कळलं तर परत जुनं सुरू होईल, म्हणून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाय.

नारळ फोडून आलो त्या संध्याकाळी पुतळी लेकीला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली. ती हमरापूरहून चार दिवसांसाठी आलेली. मग म्हणाली, "आये, आजी तुझ्याच स्वप्नात का गो आली?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"माझ्या येत नाय. मी रोज झोपताना तिचं नाव घेतंय, तरी येत नाय. मी मूठ उघडली म्हणून रागावली असेल. माझ्या जागी बसली ना ती." आणि तिनं लेकीची चिमुकली मूठ धरली, आणि विचारलं, "आये, आजीची मूठ तशीच हाय का गो अजून?"

वाटलं, सगळं सांगून टाकावं. स्वप्न नाय, काय नाय, तुझ्या आईनं थाप मारली. मग पोरीला काय उरलं असतं?

"उघडलीन," मी म्हटलं. "काल परत आली होती. मूठ उघडून दाखवलीन मला. म्हणाली, पुतळीला सांग, माझा हात मोकळा झाला."

पुतळी माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली, वर्षभराचं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. बाहेर घाटापलीकडं चमकत होतं, आणि ती शांत झाल्यावर मी उठून दार लावून घेतलं.